अवकल-बैजिक समीकरणाची परिबद्ध उकल कशी शोधावी: भूत, वर्तमान आणि भविष्य

अवकल समीकरणं शिकताना एक सवय हाडीमाशी भिनते. सुरुवातीची किंमत घ्यायची आणि तिथून पुढे चालत राहायचं. परिबद्ध उकलीच्या प्रश्नात ही सवय सोडावी लागते, कारण इथे सुरुवातच नसते. काळ उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत पसरलेला असतो आणि अट एकच असते: उकल कधीही हाताबाहेर जाता कामा नये. म्हणजे एखादी ठरावीक संख्या अशी असावी की उकलीचं मान कोणत्याही क्षणी तिच्यापेक्षा मोठं होणार नाही. ‘परिबद्ध’ याचा अर्थ एवढाच.

समीकरण असं आहे:

अ·य′(ट) + ब·य(ट) = फ(ट)

ट हा काळ, य ही शोधायची राशी आणि फ हा बाहेरून दिलेला, परिबद्ध आणि संतत असा जोर. अ आणि ब हे रेषीय ऑपरेटर. साध्या उदाहरणांत ते आव्यूह असतील, पुढे बानाख अवकाशांतले (म्हणजे मान असलेल्या, संपूर्ण, बहुधा अनंतमितीच्या सदिश-अवकाशांतले) ऑपरेटर असतील. अ उलटवता आला, म्हणजे त्याचा व्यस्त ऑपरेटर असला, तर त्याने भागून नेहमीचं अवकल समीकरण मिळतं आणि गोष्ट संपते. आपली गोष्ट अ उलटत नाही तिथे सुरू होते. तेव्हा काही ओळींत अवकलज उरतो आणि काही ओळी नुसत्या बीजगणिताच्या होतात. म्हणून नाव अवकल-बैजिक समीकरण, बोलताना ‘डीएई’.

माझ्या मते हा सगळा विषय तीन काळांत मावतो. उकलीचे काही घटक फ च्या भूतकाळावरून ठरतात, काही वर्तमानावरून आणि काही चक्क भविष्यावरून. कोणता घटक कुठल्या काळाचा, हे ओळखणं हे नव्वद टक्के काम. उरलेलं दहा टक्के काम वाटतं तितकं सोपं नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

पायरी १: ‘उकल’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

हे काम सगळे टाळतात आणि नंतर अडकतात. समीकरणात य′ लिहिलं म्हणून य चा प्रत्येक घटक अवकलनीय असायलाच हवा असं नाही. अ जे घटक पुसून टाकतो, त्यांच्या अवकलजाला समीकरणात काही कामच नसतं. म्हणून समीकरण (अ·य)′ + ब·य = फ असं लिहा आणि मागणी एवढीच ठेवा: य संतत आणि परिबद्ध असावा, आणि अ·य अवकलनीय असावा. या व्याख्येत फ नुसता संतत असून चालतो. य च्या सगळ्या घटकांची अवकलनीयता मागितलीत तर फ वर विनाकारण जास्तीची अट लादली जाते.

पायरी २: पेन्सिल काढा

फ बाजूला ठेवा आणि ल हा संमिश्र चल घेऊन ल·अ + ब हे कुटुंब लिहा. याला पेन्सिल म्हणतात. अ आणि ब चौकोनी आव्यूह असतील तर या पेन्सिलीचा निर्धारक ही ल ची बहुपदी होते. ती सर्वत्र शून्य असेल तर थांबा. प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. कुठेतरी एक समीकरण कमी पडलंय किंवा तेच दोनदा आलंय. शून्य नसेल तर दोन गोष्टी पाहा: बहुपदीची मुळं कुठे आहेत, आणि तिची घात अ च्या कोटीइतकी (कोटी म्हणजे अ च्या स्वतंत्र ओळींची संख्या, इंग्रजीत रँक) आहे की कमी.

तीन छोटी विद्युत मंडलं घेऊ. कागद-पेन्सिल घेऊन ती स्वतः केलीत तर पुढचा निम्मा लेख आपोआप समजेल.

पहिलं मंडल: स्रोत, ६ ओहमचा रेझिस्टर आणि २ हेन्रीचा इंडक्टर, तिन्ही एकापाठोपाठ. अज्ञात राशी तीन: प्रवाह, रेझिस्टरवरचा व्होल्टेज, इंडक्टरवरचा व्होल्टेज. समीकरणंही तीन: प्रवाहाच्या अवकलजाची दुप्पट म्हणजे इंडक्टरचा व्होल्टेज, प्रवाहाची सहापट म्हणजे रेझिस्टरचा व्होल्टेज, दोन्ही व्होल्टेजची बेरीज म्हणजे स्रोत. अवकलज एकाच ओळीत आहे, म्हणून अ ची कोटी १. निर्धारक २ल + ६, घात १. घात आणि कोटी जुळल्या. मूळ उणे ३, काल्पनिक अक्षापासून दूर. सगळं ठीक. प्रत्येक परिबद्ध स्रोताला एक आणि एकच परिबद्ध उकल आहे.

दुसरं मंडल: १ हेन्रीचा इंडक्टर आणि १ फॅरडचा कपॅसिटर, रेझिस्टर नाही. निर्धारक ल² + १, घात २, अ ची कोटीही २. पण मुळं अधिक-उणे इ, म्हणजे थेट काल्पनिक अक्षावर (इ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ). स्रोत कॉस ट दिला तर कपॅसिटरचा व्होल्टेज (ट/२)·साइन ट असा वाढत जातो. स्रोत १ च्या आत असला तरी उकल मर्यादेत राहत नाही. हा सर्वांच्या ओळखीचा अनुनाद.

तिसरं मंडल दिसायला सगळ्यात गरीब आणि सगळ्यात फसवं: १ फॅरडचा कपॅसिटर थेट स्रोताला जोडलेला. व्होल्टेजचा अवकलज म्हणजे प्रवाह, आणि व्होल्टेज म्हणजे स्रोत. निर्धारक १. मूळ एकही नाही, त्यामुळे अक्षावर काही असण्याचा प्रश्नच येत नाही. पण घात ० आणि अ ची कोटी १. जुळलं नाही. आता स्रोत साइन(ट²) घ्या. तो कायम उणे १ आणि १ च्या मध्ये असतो, पण प्रवाह २ट·कॉस(ट²) येतो आणि त्याला कसलीच मर्यादा नाही.

म्हणजे उकल दोन वेगळ्या कारणांनी बिघडते. एक म्हणजे मूळ अक्षावर असणं. दुसरं म्हणजे निर्देशांक १ पेक्षा जास्त असणं, अर्थात उकलीला फ चा अवकलज लागणं. घात आणि कोटी समान असतील तर निर्देशांक जास्तीत जास्त १; घात कमी असेल तर २ किंवा अधिक. आव्यूहांपुरती ही कसोटी पक्की आहे आणि दोन मिनिटांत होते.

पायरी ३: तीन काळांत वाटणी

वायरश्ट्रासने १८६८ साली दाखवलं की नियमित पेन्सिल (जिचा निर्धारक सर्वत्र शून्य नाही अशी) योग्य रूपांतरांनी दोन ठोकळ्यांत फोडता येते. आजच्या भाषेत, समीकरण असं होतं:

प′ + ज·प = ग
म·र′ + र = ह

प आणि र हे य चे दोन भाग आणि म हा शून्यघाती आव्यूह, म्हणजे त्याची कुठलीतरी घात शून्य होते. दुसऱ्या ओळीची उकल हातानेच निघते: र = ह − म·ह′ + म²·ह″ − … आणि काही पदांनंतर ही मालिका संपते. निर्देशांक १ असेल तर म शून्य आणि र = ह. हा शुद्ध वर्तमान: आज जोर जेवढा, आज उकल तेवढी. निर्देशांक २ झाला की वर्तमानाबरोबर वर्तमानाचा वेगही लागतो, आणि परिबद्ध राशीचा वेग परिबद्ध असेलच असं नाही. तिसऱ्या मंडलात नेमकं हेच झालं.

पहिली ओळ हे नेहमीचं अवकल समीकरण. पेन्सिलीची जी मुळं अक्षाच्या डावीकडे आहेत, त्यांचे घटक काळाबरोबर विरत जातात. त्यांच्यासाठी फ चा सगळा भूतकाळ घातांकी वजन लावून बेरजेत घ्यायचा. उजवीकडच्या मुळांचे घटक वाढत जातात. त्यांना मर्यादेत ठेवायचा एकच मार्ग आहे: पुढे येणारा सगळा फ आत्ताच हिशेबात धरायचा. नव्या माणसाला हे पटत नाही. ‘भविष्य आधीच कसं माहीत असेल?’ असा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तर असं: आपण यंत्र चालवत नसून सगळ्या शक्य उकलींमधून कधीही न फुटणारी एक निवडत आहोत, आणि त्या निवडीसाठी पुढचं माहीत असावंच लागतं. परिबद्ध उकलीचं अस्तित्व आणि अशी दुभागणी यांचा संबंध पेरॉनने १९३० मध्ये उलगडला. त्या दुभागणीला आज घातांकी द्विभाजन म्हणतात.

पायरी ४: अमूर्त अवकाशात एकच कसोटी

अवकाश अनंतमितीचा झाला की निर्धारक नसतो, घातही नसते. मग काय पाहायचं? एक सुंदर युक्ती आहे.

समजा प्रत्येक परिबद्ध संतत फ साठी एकच परिबद्ध उकल आहे. व ही कोणतीही वास्तव वारंवारिता घ्या, ह हा कोणताही सदिश घ्या आणि फ(ट) = एक्स्प(इ·व·ट)·ह ठेवा. फ ला स इतक्या काळाने पुढे सरकवलं तर तो फक्त एक्स्प(इ·व·स) या संख्येने गुणला जातो. उकल एकच असल्यामुळे तीही तशीच वागली पाहिजे. म्हणून उकल एक्स्प(इ·व·ट)·ख अशीच असणार, आणि ख साठी (इ·व·अ + ब)·ख = ह. शिवाय बंद आलेखाच्या प्रमेयावरून ख चं मान ह च्या मानाच्या एका ठरावीक पटीत राहतं, आणि ती पट व वर अवलंबून नसते.

निष्कर्ष: काल्पनिक अक्षावरच्या प्रत्येक बिंदूला पेन्सिल उलटली पाहिजे, आणि सगळ्या व्यस्तांचं मान एकाच संख्येखाली राहिलं पाहिजे. या अटीशिवाय परिबद्ध उकलीचं नाव काढू नका.

ही एकच कसोटी वरचे दोन्ही बिघाड पकडते. अनुनादात व = १ ला पेन्सिल उलटतच नाही. तिसऱ्या मंडलात ती सर्वत्र उलटते, पण व्यस्तात इ·व हा घटक येतो आणि व वाढवत नेला की मान फुगत जातं. आव्यूहांसाठी ही अट पुरेशीही आहे.

अनंतमितीत ती आवश्यक आहे, पण नेहमी पुरेशी नाही. हिल्बर्ट अवकाशात (ज्याचं मान अंतर्गुणाकारावरून येतं अशा बानाख अवकाशात), समीकरणाचा अवकल भाग एखाद्या अर्धगटाने (अवस्थेला काळात पुढे नेणाऱ्या ऑपरेटरांच्या कुटुंबाने) चालत असेल, तर गिअरहार्ट (१९७८) आणि प्रुस (१९८४) यांचे निकाल मदतीला येतात आणि अशी एकसमान मर्यादा पुरते. सर्वसाधारण बानाख अवकाशात मात्र नुसत्या वर्णपटाकडे (पेन्सिल जिथे उलटत नाही त्या ल च्या संचाकडे) पाहून निकाल देता येत नाही. तिथे अर्धगटाचं द्विभाजन वेगळं सिद्ध करावं लागतं. हा फरक विसरून लिहिलेल्या सिद्धता मी बऱ्याच तपासल्या आहेत. चूक नेहमी एकाच ओळीत सापडते: ‘वर्णपट अक्षाला शिवत नाही, म्हणून…’

एकही मूळ अक्षावर नसणं का पुरत नाही, हे पाहायला एक ओळ पुरते. वर्गांची बेरीज सांत असणाऱ्या क्रमिकांच्या अवकाशात यन′ = −(१/न)·यन + फन घ्या. प्रत्येक घटक एकेकटा पाहिला तर विरणारा आहे, बिघाड कुठेच दिसत नाही. आता फन = १/न ठेवा. परिबद्ध उकल यन = १ येते, आणि १, १, १, … ही क्रमिका त्या अवकाशातच नाही. मुळं उणे १/न अक्षाकडे सरकत जातात. ‘एकसमान’ या शब्दाची किंमत इथे कळते.

आणखी एक खाचखळगा. आव्यूहात ‘अ उलटत नाही’ याचा अर्थ एकच: अ काही शून्येतर सदिशांना शून्य करतो. अनंतमितीत दुसराही प्रकार असतो. अ कोणालाच शून्य करत नाही, पण त्याचा व्यस्त अपरिबद्ध असतो. उदाहरणार्थ, न व्या घटकाला १/न ने गुणणारा अ. तिथे ‘हा घटक बैजिक, हा अवकल’ अशी रेघ मारता येत नाही; भूतकाळ हळूहळू आखडत वर्तमानात मिसळतो. घटकांच्या मानांपैकी कमाल तेच सदिशाचं मान धरलं आणि ब एकक घेतला तर मुळं उणे न, आणि सगळ्या घटकांची उकल फ च्या मर्यादेतच राहते. म्हणजे परिबद्धतेला धोका नाही, फक्त रेघेचा हट्ट सोडायचा.

रेघ मारता येते तिथे ती मारायची रीतही ठरलेली आहे. ल चं मान पुरेसं मोठं असताना पेन्सिलीचा व्यस्त एका मर्यादेत राहत असेल, तर मोठ्या वर्तुळावर (ल·अ + ब) चा व्यस्त गुणिले अ याचं संकलन करून प्रक्षेपक मिळतो आणि तो अवकाशाचे दोन तुकडे करतो. खारकीवच्या रुतकास यांनी १९७५ मध्ये हा मार्ग मांडला.

पायरी ५: एक उदाहरण शेवटपर्यंत

१९६० मध्ये बारेनब्लाट, झेल्तॉव्ह आणि कोचिना यांनी भेगाळलेल्या खडकातून झिरपणाऱ्या द्रवाचं समीकरण मांडलं. आपल्याकडे दख्खनच्या बसॉल्टमध्ये विहीर खणणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. दगड घट्ट असतो, पाणी येतं ते भेगांमधून. आपण त्या समीकरणाचं एकमितीय रूप घेऊ. क्ष हा ० ते पाय (३.१४…) या अंतरातला बिंदू, दोन्ही टोकांना उकल शून्य, आणि ड म्हणजे क्ष च्या दिशेने दुसरा अवकलज:

(स − ड)·य′ = क·ड·य + फ, क धन

मूळ भौतिक प्रश्नात स धन असतो आणि स − ड उलटतो. आपण मुद्दाम स = −४ घेऊ. सोबोलेव्ह प्रकारच्या (अवकलजापुढे अ सारखा ऑपरेटर असलेल्या) समीकरणांवर काम करणाऱ्यांचं हे लाडकं उदाहरण आहे, आणि का ते लगेच दिसेल.

साइन(न·क्ष) वर ड लावला की −न² मिळतो. म्हणून य आणि फ यांची साइन-श्रेणी केली की न व्या घटकाचं समीकरण असं येतं:

(न² − ४)·यन′ + क·न²·यन = फन

आता एकेक घटक.

न = २: अवकलजाचा गुणक शून्य. ४क·य२ = फ२, म्हणजे य२ = फ२/(४क). वर्तमान.

न = ३ पासून पुढे: मूळ −क·न²/(न² − ४), म्हणजे न = ३ ला −९क/५, न = ४ ला −४क/३, आणि पुढे −क कडे सरकत जाणारं, पण कायम त्याच्या डावीकडेच. हे भूतकाळाचे घटक: यन(ट) म्हणजे उणे अनंतापासून ट पर्यंत एक्स्प(−क·न²·(ट−स)/(न²−४))·फन(स) चं स नुसार संकलन, भागिले (न² − ४). (संकलनातला स हा काळ, वरच्या गुणकाची जागा आता −४ ने घेतली आहे.)

न = १: −३·य१′ + क·य१ = फ१. मूळ क/३, उजवीकडे. भविष्य. य१(ट) म्हणजे ट पासून अनंतापर्यंत एक्स्प(−क·(स−ट)/३)·फ१(स) चं संकलन, भागिले ३. अवकलज काढून पडताळा. एका ओळीत जुळतं.

कसोटी लावू. अक्षावर इ·व·(न² − ४) + क·न² चं मान किमान क·न² आहे, व काहीही असो. म्हणून व्यस्ताचं मान १/क च्या आत. एकसमान मर्यादा मिळाली. एवढंच नाही, तिन्ही काळांच्या घटकांसाठी तीच एक असमानता मिळते: यन चं मान जास्तीत जास्त फन च्या कमाल मानाला क·न² ने भागून येतं तेवढं. साइन फलनं प्रमाणित करून घेतली आणि फ चं मान एकूण म च्या आत असलं, तर वर्ग करून बेरीज घ्या. १/न⁴ ची बेरीज पाय⁴/९० असते, म्हणून उकलीचं मान जास्तीत जास्त १.०४·म/क. हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन काळांचा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर क = १ घ्या आणि पहिल्या तिन्ही घटकांना कॉस ट हाच जोर द्या. य२ = ०.२५·कॉस ट, जोराच्या बरोबर तालात. य३ = (९·कॉस ट + ५·साइन ट)/१०६, जोराच्या सुमारे २९ अंश मागे. आणि य१ = ०.१·कॉस ट − ०.३·साइन ट, जोराच्या सुमारे ७२ अंश पुढे. भूतकाळाचा घटक मागे रेंगाळतो, भविष्याचा आधीच पोचलेला असतो.

हाताला सवय व्हावी म्हणून एक स्वाध्याय. त्याच अंतरावर आणि त्याच टोकांच्या अटींवर दोन समीकरणांची जोडी घ्या: य′ = ड·य + अल्फा·र + फ आणि ० = ड·र − र + बीटा·य. दुसऱ्या ओळीतून र काढा. न व्या घटकाचं मूळ −न² + ग/(१ + न²) येईल, जिथे ग हा अल्फा आणि बीटाचा गुणाकार. ग = २, २०, ९०, २७२, … म्हणजे ग = न²(न² + १) झाला की परिबद्ध उकलीची हमी जाते. ग २ पेक्षा कमी असेल तर भविष्याचा घटक एकही नाही. २ आणि २० च्या मध्ये नेमका एक.

पायरी ६: अर्ध्या रेषेवर काय उरतं

व्यवहारात काळ शून्यापासून सुरू होतो. मग सुरुवातीच्या किमती किती मोकळ्या? वरच्या उदाहरणात न ≥ ३ चे सगळे घटक हवे तसे घ्या, ते विरणारच आहेत. य२(०) ला मोकळीक नाही. बीजगणित सांगतं की ती फ२(०)/(४क) च असली पाहिजे. ही सुसंगतीची अट. आणि य१(०)? समीकरण तिला अडवत नाही, कोणतीही किंमत घेतली तरी उकल मिळते. पण परिबद्ध राहायचं असेल तर एकच किंमत चालते. कॉस ट च्या उदाहरणात ती ०.१. चुकून ०.११ घेतलीत तर ट = ३० पर्यंत चूक सुमारे २२० झालेली असेल.

सुसंगतीची अट मोडली तर उकलच नाही. परिबद्धतेची अट मोडली तर उकल आहे, पण ती फुटते. या दोन अटींची सरमिसळ फार होते. संगणकावर पहिली चूक लगेच ओरडते, दुसरी दबा धरून बसते.

पायरी ७: संगणकावर

भविष्याचा घटक कधीही पुढच्या दिशेने सोडवू नका. क = १ असताना १०⁻¹⁶ एवढी नगण्य चूकही एक्स्प(ट/३) ने वाढत ट = ११० च्या आसपास १ ला पोचते. मूळ किंमत कितीही अचूक द्या, ११० च्या पुढचं उत्तर कचरा.

उलट्या दिशेने मात्र हाच घटक शहाण्यासारखा वागतो. दूरच्या एखाद्या क्षणी य१ = ० ठेवा आणि तिथून मागे या. शून्य हे उत्तर चुकीचं असलं तरी मागे येताना ती चूक त्याच दराने विरते. ती दहा लाखांश भागापर्यंत खाली आणायची तर ३ × १३.८, म्हणजे सुमारे ४२ एकक पुढून सुरुवात करावी लागते. म्हणजे ० ते १०० पर्यंतची उकल हवी असेल तर फ ची माहिती १४२ पर्यंत हवी. भूतकाळाचे घटक पुढे, भविष्याचे मागे, वर्तमानाचे जागच्या जागी, आणि मग बेरीज. घटक वेगळे करता येत नसतील तर संपूर्ण कालखंड एकाच मोठ्या रेषीय प्रणालीत बसवा आणि भविष्याच्या घटकांची अट उजव्या टोकाला द्या.

एक सापळा ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे. डीएईसाठी लोक सर्रास अव्यक्त ऑयलर पद्धत (अवकलज पावलाच्या शेवटच्या बिंदूवर घेणारी) वापरतात, कारण बैजिक ओळी ती छान सांभाळते. पण पावलाची लांबी ९ घेतलीत तर वाढणारा घटक दर पावलाला १/(१ − ३), म्हणजे −१/२ ने गुणला जातो. वाढायचं सोडून तो विरायला लागतो! लांबी ६ च्या वर गेली की हे होतंच. आलेख गुळगुळीत आणि मर्यादेत दिसतो, आणि साफ खोटा असतो. कॉस ट ची तीन उत्तरं वर दिली आहेत. तुमचा प्रोग्राम आधी त्यांच्यावर घासून पाहा.

अट मोडली तर, आणि अट पुरली तर

मूळ नेमकं अक्षावर आलं तर सगळं संपत नाही, पण प्रत्येक फ साठी उकल मिळण्याची हमी जाते. स्वाध्यायात ग = २ घ्या. न = १ चा घटक नुसता य१′ = फ१ होतो, आणि परिबद्ध उकल तेव्हाच, जेव्हा फ१ चं संकलन परिबद्ध राहतं. फ१ = कॉस ट चालतो, फ१ = १ चालत नाही. आणि चालतो तेव्हा उकली अनेक असतात, कारण कोणताही स्थिरांक मिळवता येतो.

अट पूर्ण झाली तर मात्र काही गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात. फ आवर्ती असेल तर उकलही त्याच आवर्तनाची असते. एक आवर्तन सरकवलेली उकल हीदेखील त्याच समीकरणाची परिबद्ध उकल, आणि अशी उकल एकच आहे, सिद्धता संपली. अरेषीय पदही थोडं चालतं. उजव्या बाजूला य वर अवलंबून असलेलं एक पद मिळवा, ज्याचा लिपशिट्झ स्थिरांक, म्हणजे य मधल्या बदलाच्या जास्तीत जास्त किती पट ते पद बदलतं तो आकडा, ०.९६·क पेक्षा कमी आहे (१ भागिले १.०४; जपून ठेवायला सांगितलेला आकडा तो हाच). मग बानाखचं आकुंचन प्रमेय लागू पडतं आणि अरेषीय समीकरणालाही एकच परिबद्ध उकल मिळते.

अ आणि ब स्वतःच काळाबरोबर बदलत असतील तर वरची पेन्सिल बाजूला ठेवा. प्रत्येक क्षणी मुळं काढून ‘सगळी डावीकडे आहेत’ म्हणणं हा पुरावा नाही. अ एकक असतानाही नाही. मार्कस आणि यामाबे यांचं १९६० चं २×२ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यात गुणक-आव्यूहाची आयगेन मूल्यं सर्व काळ (−१ ± इ·√७)/४ अशीच राहतात, वास्तव भाग कायम −१/४, आणि तरीही एक उकल एक्स्प(ट/२) च्या वेगाने वाढते. अशा समीकरणात कोणता घटक भूतकाळाचा आणि कोणता भविष्याचा हे आयगेन मूल्यांवरून ठरत नाही. ते उकलींच्या प्रत्यक्ष वाढीवरून ठरतं, आणि ती वाढ दर वेळी नव्याने मोजावी लागते.